तांब्याच्या नळीचा सांधा

व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, फार तर प्रवासवर्णन, अशी आपली समजूत असते. त्या पंगतीत तांब्याच्या नळीला डाख कसा द्यावा हा विषय येऊन बसलेला पाहून कित्येकांना नवल वाटेल. पण आम्ही ज्यांच्यात आयुष्य काढले त्या कामगारांच्या विद्यापीठात पुस्तके थोडी आणि अवजारे फार. शाळेचे दार आमच्यापुरते लवकर मिटले; पुढचे शिक्षण झाले ते मेस्त्रींच्या हाताखाली आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात. या दोन्ही ठिकाणी आम्हांला एकच गोष्ट उमगत गेली. हाताच्या प्रत्येक कामात एक शास्त्र दडलेले असते, आणि प्रत्येक शास्त्रामागे कोणाच्या तरी मजुरीचा प्रश्न उभा असतो. नळीचा सांधा हे त्याचे लहानसे पण चोख उदाहरण आहे.

मालवणच्या किनाऱ्याला तांबे नवे नाही. हंडा, घागर, न्हाणीघरातला बंब, देवघरातली पळीपंचपात्री ही सारी तांब्याची मंडळी आपल्या ओळखीची. नव्या काळात तांबे नळीच्या रूपाने आले. आपल्याकडे पाण्याचे नळ पूर्वी लोखंडाचे होते, आता बहुतेक प्लॅस्टिकचे झाले. ब्रिटनसारख्या देशात मात्र ते घरोघर तांब्याचे आढळतात. आपल्याकडे तांब्याची नळी दिसते ती फ्रिजच्या पाठीशी, छपरावरच्या सौर बंबात, मोठ्या स्वयंपाकघरातील गॅसच्या जोडणीत, रुग्णालयात खाटेपर्यंत प्राणवायू नेणाऱ्या वाहिनीत. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पर्यटकांसाठी खोल्या उठल्या आणि भिंतीभिंतीबाहेर एसीच्या तांब्याच्या नळ्या दिसू लागल्या. त्या नळ्या जोडणारा हात बहुधा वीस-बावीस वर्षांच्या एखाद्या हेल्परचा असतो. त्याला हे काम कोणी पद्धतशीर शिकवलेले नसते. ‘बघ आणि कर’ एवढाच त्याचा अभ्यासक्रम. म्हणून आज आपण हे काम मुळापासून पाहू.

कल्हईवाल्याचा धडा

आमच्या वयाच्या लोकांनी दारात येणारा कल्हईवाला पाहिला आहे. अंगणाच्या कडेला तो लहानसा खळगा करी, कोळसे पेटवी, भाता लावी. पितळेचे पातेले आधी राखेने आणि वाळूने घासून लख्ख करी. मग ते तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर उठे. कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो ती भराभर फिरवी आणि पाहता पाहता पातेले आतून रुप्यासारखे होई. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा सोलकढी ठेवली तर ती कळकते, हे घरातल्या बाईला ठाऊक असे. पण राख, नवसागर आणि कथील याच क्रमाने का येतात, हा प्रश्न आपण कल्हईवाल्याला कधी विचारला नाही. आजच्या विषयाचे अर्धे शास्त्र त्या क्रमात आहे.

तांबे किंवा पितळ हवेत उघडे राहिले की त्याच्या पृष्ठभागाचा प्राणवायूशी संयोग होतो आणि ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा धरतो. धातू तापवला की हा पापुद्रा झपाट्याने जाड आणि काळा होतो. वितळलेले कथील या पापुद्र्याला धरत नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळी होऊन घरंगळते. पापुद्रा नाहीसा झाला की तेच कथील पसरते आणि तांब्याशी एकजीव होते. दोघांच्या सीमेवर दोन्ही धातूंचा मिळून एक अतिशय पातळ थर तयार होतो. राख-वाळूने जाड मळ जातो. नवसागर तापला की त्यातून जो आम्लवायू सुटतो, तो उरलासुरला पापुद्रा खाऊन टाकतो. म्हणून आधी घासणे, मग नवसागर, मग कथील. नळीच्या कामात नवसागराच्या चिमटीची जागा फ्लक्स नावाच्या मलमाने घेतली आहे. अनेक फ्लक्समध्ये जस्ताचा क्लोराइड आणि खुद्द नवसागरही असतो. नाव बदलले, धर्म तोच राहिला.

नळीच्या सांध्यात कल्हईपेक्षा एक गोष्ट अधिक असते. पातेल्याचा पृष्ठभाग उघडा असतो; सांध्यात एक नळी दुसऱ्या तुकड्याच्या तोंडात शिरलेली असते आणि दोहोंमध्ये एक बारीक फट राहते. या जोडतुकड्याला आपले कारागीर फिटिंग म्हणतात. सरळ जोडाचे सॉकेट, काटकोनाचे एल्बो, तीन तोंडांचे टी. फट साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे जाडसर कागदाएवढी. समईतले तेल वातीतून आपोआप वर चढते, तसा वितळलेला डाख या फटीत आपोआप ओढला जातो. शास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात. नळी उभी असून तोंड खाली असले तरी डाख वर चढतो. तो आत ढकलावा लागत नाही, थापावा लागत नाही. मात्र फट फार मोठी झाली तर ओढ संपते आणि डाख खाली गळतो. नळी वाकडी बसून एका बाजूला फटच उरली नाही, तर त्या बाजूला डाख पोचत नाही.

म्हणजे सांध्याच्या अटी तीन ठरल्या: स्वच्छ पृष्ठभाग, नेमकी फट आणि योग्य ताप. यांतल्या पहिल्या दोन दिवा पेटवण्यापूर्वी पुऱ्या करायच्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

मऊ डाख आणि कठीण डाख

डाख दोन जातींचे असतात. ज्याचा रस ४५० अंश सेल्सिअसच्या आत होतो तो मऊ डाख. त्याला कारखान्यात सोल्डर म्हणतात. त्याहून अधिक तापमानाला वितळतो तो कठीण डाख, आणि त्या कामाला ब्रेझिंग म्हणतात. सोनार सवागी लावून जो डाग देतो तो या दुसऱ्या जातीचा.

शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण गंमत अशी की ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचा मिलाफ केला तर तो १८३ अंशांनाच वितळतो, म्हणजे दोघांपेक्षाही लवकर. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हा मिलाफ कारागिरांच्या हाती राहिला. तांबे स्वतः वितळायला १०८५ अंश लागतात, तेव्हा मऊ डाखाच्या कामात नळीला काही धोका नसतो. पाण्याच्या नळाला मऊ डाख पुरतो.

एसीच्या नळीत दाब मोठा असतो आणि यंत्राची थरथर रात्रंदिवस चालते. तेथे मऊ डाख टिकत नाही. प्राणवायूच्या वाहिनीलाही तो चालत नाही. तेथे तांबे आणि फॉस्फरस यांच्या मिलाफाची, कधी थोडी चांदी घातलेली कांडी वापरतात. तिला सुमारे ७०० अंश आणि त्यापुढचा ताप लागतो. नळी मंद लाल दिसू लागते. तांब्याला तांबे जोडताना ही कांडी आपला फ्लक्स आपणच होते, कारण फॉस्फरस पापुद्रा दूर करतो. पितळेला जोडताना मात्र फ्लक्स लावावाच लागतो, आणि लोखंडाला ही कांडी वापरू नये, सांधा ठिसूळ होतो.

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याकडे पाहून कोणी विचारील की तेथे तांब्याच्या नळ्या का नाहीत. जे कारखाने अमोनियावर चालतात तेथे तांबे वापरत नाहीत, कारण ओलावा असलेला अमोनिया तांब्याला खातो. तेथे पोलादी नळ लागतात. कोणता धातू कोठे लावू नये हे कळणे, हाही कारागिरीचाच भाग आहे.

नवशिक्याने आरंभ मऊ डाखाने करावा. ताप कमी लागतो, नियम तेच असतात, आणि चूक स्वस्तात शिकता येते.

दिवा पेटवण्यापूर्वी

एक वृद्ध मेस्त्री पोरांना सांगत, “आधी घासून घे, मगे आग दाखय.” या एका वाक्यात सारे आले. आता त्याचा विस्तार करू.

नळी चाकाच्या कटरने कापावी. कटर एकदम आवळू नये. एक फेरा, थोडे आवळणे, पुन्हा एक फेरा, असे करीत जावे. घाईने आवळले तर नळीचे तोंड दबून लंबगोल होते आणि फट बिघडते. कापल्यावर तोंडाच्या आत धातूची धारदार कड उभी राहते. ती खरवडून काढावी. राहिली तर वाहत्या पाण्याला तेथे भोवरे पडतात आणि वर्षानुवर्षांत नळी त्याच जागी झिजते. खरवडताना नळीचे तोंड खाली धरावे, म्हणजे कीस आत जात नाही.

मग घासणे. बारीक पॉलिश पेपरने नळीचा जेवढा भाग फिटिंगमध्ये जाणार तेवढा, आणि वर बोटभर अधिक, असा चौफेर घासावा. फिटिंगचे तोंड आतून गोल ब्रशाने घासावे. तांबे गुलाबी-केशरी चमकले पाहिजे. येथे नवशिका फसतो. दिसणारी बाजू तो घासतो आणि भिंतीकडची विसरतो. घासल्यावर त्या भागाला बोट लावू नये. घामाचा आणि तेलाचा थर डोळ्यांना दिसत नाही, पण डाखाला दिसतो. आपल्या किनाऱ्यावर तर आणखी एक सावधगिरी हवी. खाऱ्या दमट वाऱ्यात घासलेले तांबे लवकर काळवंडते. सकाळी वीस नळ्या घासून ठेवाव्या आणि दुपारी जोडाव्या, हा हिशेब देशावर कदाचित चालेल, मालवणात चालत नाही. घासले की लगेच फ्लक्स लावावा आणि लगेच जोडावे.

फ्लक्स ब्रशाने नळीच्या बाहेरून पातळ लावावा. बोटाने लावू नये, तो कातडीला आणि डोळ्यांना अपाय करतो. फिटिंगच्या आत थापू नये. नळी आत जाताना जास्तीचा फ्लक्स पुढे ढकलला जातो, आत साचतो आणि पुढे तांब्याला खात राहतो. नळी शेवटपर्यंत आत सारावी, किंचित फिरवावी म्हणजे फ्लक्स सर्वत्र लागतो, आणि बाहेर आलेला पुसून टाकावा. मग दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. सांधा जोडताना नळी लोंबत राहिली तर फट एका अंगाला मोठी होते.

जुन्या नळाची दुरुस्ती असेल तर आत पाण्याचा थेंब नको. पाणी असेपर्यंत त्या जागेचा ताप वाफेत खर्ची पडतो; दिवा कितीही ओरडला तरी डाख वितळत नाही. पाणी ठिबकतच असेल तर पावाचा मऊ गर आत बोळ्यासारखा दाबतात; काम होईपर्यंत तो पाणी धरतो आणि मागाहून विरघळून वाहून जातो. सर्वांत लांबचा नळ मात्र जाळी काढून सोडावा.

आग आणि डाख

आता दिवा. वारा असेल तर पत्र्याचा आडोसा करावा, नाही तर ज्योत सांध्यापेक्षा समुद्राचाच समाचार घेते. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ज्योत एकाच ठिकाणी रोखण्यापेक्षा सांध्याभोवती फिरती ठेवावी. आधी नळीला थोडी ऊब द्यावी आणि मग ज्योत फिटिंगवर न्यावी, कारण जाड भाग तोच आहे. ज्योतीचे टोक फिटिंगच्या बुडाकडे ठेवावे, तोंडाकडे नव्हे.

डाखाची तार ज्योतीत कधीही धरू नये. सगळ्या नियमांत हा पहिला. ज्योतीने वितळलेला डाख थंड तांब्यावर पडला की गोळी होऊन बसतो. वरून सांधा भरल्यासारखा दिसतो, आत कोरडा असतो. डाख तांब्याच्या तापाने वितळला पाहिजे. म्हणून ज्योतीच्या विरुद्ध बाजूने तार सांध्याच्या तोंडाला हलकेच टेकवून पाहावी. वितळली नाही तर काढून घ्यावी, आणखी थोडे तापवावे, पुन्हा टेकवावी. तांबे तयार झाले की तार लोण्यासारखी मऊ पडते आणि डाख आत ओढला जातो. त्या क्षणी ज्योत बाजूला करावी. डाख उष्णतेच्या दिशेने धावतो; बुडाकडे ताप आणि तोंडाकडे तार, यातले मर्म हे आहे.

किती डाख लागतो? नळीचा व्यास जेवढा, साधारण तेवढी तार. १५ मिलिमीटरच्या नळीला १५ मिलिमीटर, २२ च्या नळीला २२. हाती अंदाज बसेपर्यंत तेवढ्या अंतरावर तार वाकवून खूण करावी. तोंडाभोवती रुपेरी कडी पूर्ण उमटली की थांबावे. पुढे घातलेला डाख एक तर बाहेर ओघळतो किंवा नळीच्या आत थेंब होऊन अडतो. पातळ थर जाड थरापेक्षा मजबूत असतो. जास्त डाख म्हणजे जास्त पक्का सांधा, ही समजूत खोटी आहे.

फार तापवले तर फ्लक्स जळून काळा होतो. मग तो रक्षण करण्याऐवजी स्वतःच मळ बनतो. असे झाल्यास वरून डाख थापू नये. सांधा उकलावा, पुसावा, पुन्हा घासावा आणि आरंभापासून करावे.

ज्योत काढल्यावर सांधा आपोआप थंड होऊ द्यावा. रसाचा घन होत असताना धक्का लागला तर डाख दाणेदार होतो आणि त्यात चिरा राहतात. डाखाची चमक मंदावली की ओलसर फडक्याने फ्लक्स पुसावा, नळ भरपूर पाण्याने आतून धुवावा, मग दाब देऊन पाहावे.

ब्रेझिंगमध्ये आणखी काही नियम येतात. एसीच्या नळीत तापवताना आतून नायट्रोजनची मंद धार सोडावी. ती नसेल तर आतल्या बाजूला काळे पापुद्रे सुटतात आणि पुढे यंत्राच्या केसासारख्या बारीक नळीत जाऊन बसतात. नळी लाल झाली की नाही हे भर उन्हात कळत नाही, म्हणून सावली करून काम करावे. दाबाची परीक्षा नायट्रोजनने आणि साबणाच्या फेसाने करावी. प्राणवायूने कधीही करू नये. तेलाशी गाठ पडली की त्याचा स्फोट होतो. आत शीतक वायू असलेल्या नळीला ज्योत लावू नये. तो वायू ज्योतीत विषारी होतो, आणि आज घरगुती एसीत सर्रास असणारा आर-३२ तर पेटही घेऊ शकतो.

सराव कसा करावा? नळीचे दहा-बारा तुकडे घ्यावे, सांधे करावे आणि प्रत्येक सांधा करवतीने उभा चिरून आत पाहावे. बाहेरची कडी आपल्याला फसवू शकते, चिरलेला सांधा फसवत नाही. जेथे डाख पोचला नाही तेथे काळा किंवा हिरवट डाग दिसतो आणि आपण कोठे घासायला विसरलो हे तो डाग सांगतो. असा शिक्षक दुसरा नाही.

शिसे, धूर आणि अंगार

सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ साली झाली. कुरटे बेटावर त्याच्या पायाचे चिरे शिशाच्या रसात बसवले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. दगडाच्या सांध्यात शिसे बसले तर कोणाचे बिघडत नाही. पिण्याच्या पाण्याच्या सांध्यात बसले तर मात्र ते पाण्यात उतरते, पोटात जाते, हाडांत साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. अमेरिकेने १९८६ साली पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिसेयुक्त डाख वापरण्याची बंदी केली. कथील आणि थोडे तांबे, किंवा कथील आणि थोडी चांदी, यांचे डाख त्या जागी आले. ते २२० अंशांच्या पुढे वितळतात, म्हणजे हात थोडा अधिक सावध लागतो. दुकानात विजेच्या कामाचा शिसेयुक्त डाख स्वस्त मिळतो. तो पाण्याच्या नळाला लावू नये आणि लावू देऊ नये.

तसाच कॅडमियमचा प्रश्न आहे. जुन्या पद्धतीच्या काही चांदीच्या कांड्यांत कॅडमियम असते. त्याचा धूर फुप्फुसात गेला तर माणूस दगावतो. कांडीवरची चिठ्ठी वाचून, कॅडमियमरहित असेल तरच ती घ्यावी. खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांना चष्मा असावा. कोकणात छपराला लाकूड, मांडवाला झावळ्या, आणि उन्हाळ्यात सारे सुके. तेव्हा सांध्यामागे न जळणारा पत्रा, जवळ पाण्याची बादली आणि काम झाल्यावर अर्धा तास पहारा, ही शिस्त हवी.

न दिसणाऱ्या कामाची मजुरी

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्याशी येतो.

एका हेल्परचे गाऱ्हाणे आमच्याकडे आले होते. त्याने जोडलेल्या नळ्या गळल्या म्हणून कंत्राटदाराने त्याची मजुरी कापली. आम्ही तो सांधा मागवून चिरला. तोंडाशी डाखाची गाठ, आत अर्धी फट कोरडी, तांबे काळे. मुलाचा हात वाईट होता काय? त्याने जोडलेले दुसरे सांधे उत्तम होते. चौकशीअंती कळले की त्याला दर सांध्यामागे पैसे मिळत, आणि संध्याकाळपर्यंत ठरलेली संख्या भरली पाहिजे असा दंडक होता. सांधा मोजला जाई, घासणे मोजले जात नसे. नायट्रोजनचा सिलिंडर तर जागेवर आणलाच नव्हता. कापलेली मजुरी पुढे परत मिळाली, पण प्रश्न एका मुलाच्या मजुरीपुरता नव्हता.

चांगल्या सांध्याचे बहुतेक काम आगीपूर्वी होते, हे आपण पाहिले. कापणे, खरवडणे, घासणे, फ्लक्स, आधार यांत वेळ जातो. दिवा आणि डाख यांचे काम त्या मानाने क्षणांचे. पण पाहणाऱ्याला ज्योत दिसते, घासणे दिसत नाही. म्हणून ज्योतीची मजुरी मिळते आणि घासण्याची मिळत नाही. जो प्रामाणिकपणे घासतो त्याचे सांधे कमी भरतात आणि तो उपाशी राहतो. जो घासत नाही त्याचे जास्त भरतात. ही पद्धत चांगल्या कारागिराला दंड करते आणि वाईट कामाला बक्षीस देते. मग आपणच म्हणतो की हल्लीच्या पोरांच्या हाताला वळण नाही!

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे, असे ठरवले; पण आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांच्या तरतुदी त्यालाही लागू केल्या. या कायद्याचा सरळ अर्थ असा की, ज्याला शिकण्यासाठी ठेवले त्याला शिकण्याचा वेळ दिला पाहिजे आणि त्याच्या फुप्फुसाची काळजी घेतली पाहिजे. कायद्याच्या कक्षेबाहेर, कंत्राटदाराच्या टेम्पोत बसून कामावर जाणाऱ्या मुलाला तर कागदावरचे एवढे संरक्षणही नसते. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत धडा मिळतो, पण त्याचे चीज होते किंवा माती होते ती कामाच्या जागेवरच.

गळती म्हणजे थोडे पाणी, थोडा वायू, एवढेच कोणी समजू नये. २१ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या साथीत, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. टाकीपासून खाटेपर्यंतच्या वाटेवर एक जागा ढिली पडली की बाकीच्या सगळ्या मजबूत जागा निरुपयोगी ठरतात. ज्या हातांनी अशी वाट बांधायची, त्या हातांना घासायला वेळ द्यायचा की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ कामगारांचा नाही. तो तुमच्या-आमच्या घरातल्या आजारी माणसाचाही आहे.

सुबकपणा म्हणजे श्रीमंतांच्या घरची शोभा, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. नळीच्या कामात सुबकपणा ही शोभा नव्हे. ओघळ नाही, डाग नाही, कडी एकसारखी आहे, म्हणजे ताप बरोबर होता, फट बरोबर होती, पृष्ठभाग स्वच्छ होता. सुबक सांधा म्हणजे न दिसणाऱ्या कामाची उमटलेली पावती. ती वाचायला शिकलो तर कोणाला काय मोबदला द्यायचा हेही आपल्याला कळेल.

तेव्हा नागरिकांना आमची विनंती इतकीच. आपल्या घरी, लॉजवर, दवाखान्यात नळीचे काम निघाले तर दर सांध्याचा भाव पाडून घेऊ नका. दिवसाचा रोज ठरवा आणि त्यात तयारीचा वेळ धरा. डाखात शिसे आहे काय, कांडीत कॅडमियम आहे काय, नायट्रोजन आणला आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारा. आणि एखादा मुलगा दिवा न पेटवता अर्धा तास नळी घासत बसलेला दिसला, तर तो वेळ काढतो आहे असे समजून त्याला हटकू नका. तुम्ही ज्याचे पैसे देता ते काम त्याच वेळी चालू असते.